जिनिव्हात टाळ्या, गावात मानधन

नगरहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जिल्ह्याच्या पार टोकाला जामखेड आहे. पावसाचा भरवसा नाही, आणि दिवाळी सरली की ऊसतोडीच्या टोळ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीत संसार भरून बाहेर पडतात. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपे इथे आले, तेव्हा दवाखाना थाटायला त्यांना मिळाली ती जनावरांच्या जुन्या दवाखान्याची जागा. पाच वर्षांनी, 1975 मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या बळावर उभ्या राहिलेल्या आरोग्यकामाची निवडक उदाहरणे एका पुस्तकात छापली. त्यात चीन, क्युबा, टांझानिया यांच्या पंगतीला जामखेड होते. पुढे सप्टेंबर 1978 मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आता शहरात 134 देशांचे प्रतिनिधी जमले आणि आरोग्य हा मूलभूत मानवी हक्क आहे, असे जाहीरनाम्यात लिहून मोकळे झाले.

तो हक्क त्या कागदावर उतरण्याआधी काही वर्षे जामखेडच्या वाड्यावस्त्यांवर पायी हिंडत होता. त्याला हिंडवणाऱ्या बायका होत्या. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती, बऱ्याच जणी दलित, काही विधवा, काही नवऱ्याने टाकलेल्या. मानवी हक्कांच्या जागतिक चळवळीला गावपातळीवर जे खांदे मिळाले, ते असे होते. आज त्याच कामाचा वारसा सांगणाऱ्या राज्यभरच्या हजारो आशा स्वयंसेविका दर महिन्याला बँकेच्या मेसेजची वाट पाहतात. इतरांना त्यांचा हक्क मिळावा म्हणून राबणाऱ्या या बायकांच्या स्वतःच्या हक्काचे काय, हा प्रश्न विचारायला नगर जिल्ह्याइतकी योग्य जागा दुसरी नाही.

आरोळे दांपत्य मूळ वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे. साठच्या दशकात दोघांनी नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम केले. तिथे त्यांना एक गोष्ट पुरती कळली. बरा करून घरी पाठवलेला रुग्ण काही महिन्यांत त्याच आजाराने परत येतो, कारण घरचे पाणी, ताट आणि गावची रीत तीच असते. मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि जामखेड निवडले. पहिला बेत सरधोपट होता: शिकलेल्या परिचारिका गावोगावी ठेवायच्या. तो फसला. परिचारिका खेड्यात मुक्कामाला राहीनात, आणि ज्या गेल्या त्यांचे गावातल्या सासवा ऐकेनात. तेव्हा गावातलीच एक बाई गावाने निवडून द्यावी आणि तिला शिकवावे, असा मार्ग निघाला.

हे शिक्षण कसे चाले, ते जवळून पाहण्यासारखे आहे. बायका दर आठवड्याला जामखेडला यायच्या आणि मुक्काम करायच्या. वही-पेन्सिलीचा उपयोग नव्हता, म्हणून चित्रे, गाणी, प्रश्नोत्तरे आणि घोकंपट्टी. गरोदर बाईच्या पोटाला हात लावून मूल आडवे आहे का ते ओळखायचे, हगवण लागलेल्या पोराला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजायचे, अंगावरचा बधिर चट्टा दिसला तर कुष्ठरोगाची शंका कशी घ्यायची. पण पहिला धडा आरोग्याचा नव्हताच. वेगवेगळ्या जातींच्या बायकांनी एका पंगतीला जेवायचे आणि रात्री एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपायचे, हा होता. पांघरूण मुद्दाम तेवढे मोठे शिवलेले. थंडीच्या रात्री शिवाशिव पाळायची तर कुडकुडत बसावे लागे. कुठल्याही परिषदेतल्या समतेच्या भाषणापेक्षा हा उपाय जास्त कडक होता.

बोअरवेलची गोष्टही अशीच. सत्तरच्या दशकातल्या दुष्काळात गावांना हातपंप देताना ते दलित वस्तीत बसवले गेले. पाणी कुठे लागेल ते जाणकार सांगणार, आणि ते नेमके दलित वस्तीतच लागणार, अशी आधीच संगनमताने केलेली व्यवस्था होती, असे आरोळे पुढे मोकळेपणाने सांगत. गावाला पाणी तर हवे होते. तेव्हा ज्या वस्तीत पाऊल टाकायचे नाही तिथे घागर घेऊन रांगेत उभे राहणे आले. तरुण मंडळींसाठी व्हॉलीबॉलचे जाळे लावले, त्यातून शेतकरी मंडळे उभी राहिली, मागून महिला मंडळे आली. औषधाची गोळी या सगळ्यात फार उशिरा येते.

परिणाम आकड्यांत दिसला. प्रकल्पाच्या गावांत 1971 मध्ये हजार जिवंत जन्मांमागे 176 बाळे वर्षाच्या आत दगावत. 1996 पर्यंत हा आकडा 26 वर आला. त्या वर्षी देशाचा आकडा 72 होता. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, जगभरचे डॉक्टर, विद्यार्थी आणि आरोग्य खात्यांचे अधिकारी जामखेडला शिकायला येऊ लागले, आणि त्यांना शिकवायला उभ्या राहायच्या त्या याच नऊवारीतल्या बायका.

यांतल्याच मुक्ताबाई पोळ 1988 मध्ये वॉशिंग्टनला गेल्या. आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेच्या झगमगत्या सभागृहात त्यांनी मराठीतून सांगितले ते थोडक्यात असे. वरची ही झुंबरे देखणी आहेत, पण महाग आहेत आणि एका जागी टांगलेली आहेत. आम्ही साध्या पणत्या, एकीने दुसरी पेटवत जाणाऱ्या. सभागृह उभे राहिले म्हणतात. तेव्हापासून प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या कितीतरी पुस्तकांत आणि भाषणांत ही पणती आली आहे. पणतीला रोज तेल लागते आणि ते कुणीतरी विकत आणायचे असते, ही बाजू मात्र पुस्तकांतून गळाली.

जामखेडच्या बायकांना पगार नव्हता. हातावर पडे ती नाममात्र रक्कम. त्याऐवजी संस्थेने शेळीपालन, भाजीपाला, किरकोळ धंदा यांसाठी हात दिला, कर्ज मिळवून दिले, आणि अनेकींनी आपला संसार त्यावर सावरला. छोट्या मुलखात, रोज पाठीशी उभ्या राहणाऱ्या संस्थेच्या आधाराने हे जमून गेले. सरकारने तेवढेच उचलले जेवढे स्वस्त होते. गावातली बाई घेतली, सेवाभाव घेतला. शेळी, कर्ज आणि पाठीवरचा हात जामखेडलाच राहिला.

हे आजचे नाही. जनता सरकारने 2 ऑक्टोबर 1977 रोजी गावोगावी आरोग्य कार्यकर्ते नेमण्याची योजना काढली. तीन महिने प्रशिक्षण, मग महिना 50 रुपये. या कार्यकर्त्यांना सरकारी नोकर मानावे, अशी मागणी उठायच्या आत 1980 च्या सुमारास त्यांचे नाव बदलून स्वयंसेवक करण्यात आले आणि लगेच पुढे गाव आरोग्य मार्गदर्शक. पाट्या बदलल्या, 50 रुपये तेच राहिले. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि त्यातून आशा. हजार लोकवस्तीमागे एक, गावातलीच सून, वय 25 ते 45. छत्तीसगडच्या मितानीन, गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेच्या आरोग्यदूत आणि जामखेडच्या बायका, या तिन्हींचा अनुभव त्यामागे होता. नेमणुकीच्या कागदावर मात्र पुन्हा स्वयंसेविका. जेवढे काम, तेवढा मोबदला. रजा नाही, आजारपण नाही, निवृत्ती नाही.

कामाचा एक नमुना पाहू. दवाखान्यात बाळंत होऊन बाई घरी आली की आशाताईने बेचाळीस दिवसांत सहा वेळा त्या घरी जायचे. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. पिशवीत झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ. बाळाला झोळीत घालून काटा उचलायचा, वजन लिहायचे, काखेत थर्मामीटर धरायचा, घड्याळ लावून मिनिटभर श्वास मोजायचे, नाळ कोरडी आहे का ते बघायचे, आईला पाजायला बसवायचे, पहिले दूध काढून टाका म्हणणाऱ्या आजीशी नमते घेत वाद घालायचा. मग तक्ता भरायचा, सही घ्यायची. सहा भेटी पुऱ्या झाल्या, तक्ता तपासला गेला, की या सगळ्याचे मिळून 250 रुपये. म्हणजे एका भेटीला पन्नास रुपयेदेखील नाहीत. बाई वस्तीवर, शेतातल्या घरात राहत असेल तर जाण्यायेण्याच्या पेट्रोलमध्येच यातले बरेचसे उडते. सहांतली एक भेट हुकली, कारण बाई टोळीबरोबर कारखान्यावर गेली, तर हिशेब सगळाच लटकतो.

या टोळ्यांचा उल्लेख सहज केलेला नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांची गर्भाशये काढली जात असल्याचे प्रकरण गाजले, तेव्हा 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अहवाल दिला. 82,309 महिलांच्या पाहणीत 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ही बातमी उचलली, महिला संघटनांनी आणि मानवी हक्कवाल्यांनी ती देशाबाहेर नेली. ते योग्यच झाले. पण अशी पाहणी दिल्ली-जिनिव्हात बसून होत नाही. एका बाईने दुसरीच्या ओसरीवर बसून, नवरा आणि सासू आत जाण्याची वाट पाहून, हळू आवाजात विचारायच्या गोष्टी असतात या. ज्या गावात अशी विचारणारी बाई नसते, तिथला अन्याय अहवालात येतच नाही.

आरोग्याच्या हक्काची इथली सगळी लढाई अशीच खालून वर गेलेली आहे. 2004 मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने जन स्वास्थ्य अभियान या जनआरोग्य चळवळीच्या जोडीने देशभर आरोग्यहक्काच्या जनसुनावण्या घेतल्या. पश्चिम विभागाची सुनावणी भोपाळला झाली. नाकारलेले उपचार, बंद उपकेंद्रे, गैरहजर डॉक्टर, अशी एकेक तक्रार नाव-गाव-तारखेसह मांडायची होती. मांडायला माणूस नेणे, त्याची मजुरी बुडेल तिची सोय लावणे, साहेबांसमोर तो बोलेल इतका धीर त्याला देणे, ही कामे कार्यकर्त्यांनी केली. मोठ्या संस्थांच्या इंग्रजी अहवालांत त्यांची जागा बहुधा शेवटच्या पानावरच्या आभाराच्या ओळीत असते. तीही नावाशिवाय.

कोविडात या व्यवस्थेचा कस लागला. 15 सप्टेंबर 2020 पासून राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली. पथकाने दिवसाला पन्नास घरे करायची, प्रत्येकाचे तापमान आणि ऑक्सिजन मोजायचा, नोंद करायची. दारातूनच हाकलणारी घरे होती, आशाताईमुळेच रोग घरात येईल म्हणणारे शेजारी होते. गावोगावच्या आशा तरीही फिरल्या. कोविडच्या कामासाठी केंद्राने जादा दिले ते महिन्याला 1000 रुपये.

मग 22 मे 2022 रोजी जिनिव्हात जागतिक आरोग्य सभेत भारतातल्या दहा लाखांवर आशांना जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालकांचा जागतिक आरोग्य नेतृत्व पुरस्कार जाहीर झाला. सहा मानकऱ्यांमध्ये त्या एक. टाळ्या झाल्या, पंतप्रधानांचे अभिनंदन आले, जिल्ह्याजिल्ह्यांत सत्कार झाले. पुरस्काराला दीड वर्ष होत नाही तोच, ऑक्टोबर 2023 मध्ये, महाराष्ट्रातल्या आशा आणि त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक संपावर होत्या. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आरोग्यमंत्र्यांनी आशांना 7 हजारांची वाढ जाहीर केली. संप मिटला. शासन निर्णय काही निघेना. जानेवारी 2024 मध्ये पुन्हा संप, पुढे आझाद मैदानावर ठिय्या. मार्चमध्ये निर्णय निघाला तो 5 हजारांचा. मंत्र्यांनी जाहीर केलेले 2 हजार वाटेत कुठे सांडले, हे आशा आजही विचारतात.

त्याच मार्च महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने नगर जिल्ह्याला अहिल्यादेवी होळकरांचे नाव देण्यास मंजुरी दिली. अहिल्यादेवींचे जन्मगाव चौंडी हे जामखेड तालुक्यातलेच. कारभार कसा करावा याचा दाखला म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. तेव्हा त्या नावाच्या जिल्ह्यात तरी बाईच्या कष्टाचा हिशेब वेळेवर व्हावा, अशी अपेक्षा कुणी ठेवली तर ती अवाजवी म्हणता येणार नाही.

यावर एक जुना आणि वजनदार युक्तिवाद आहे. आशाला पगारी नोकर केले की ती गावाची राहणार नाही, सरकारची होईल. मेक्सिकोच्या डोंगराळ भागात काम केलेल्या डेव्हिड वर्नर यांनी 1977 मध्येच प्रश्न टाकला होता, की गावचा आरोग्य कार्यकर्ता हुजऱ्या होणार की मुक्तिदाता. आरोळेंनाही हीच धास्ती होती. गावाने निवडलेली बाई गावालाच बांधील राहावी, साहेबाच्या सहीला नव्हे. ही भीती खोटी नाही. तक्ते भरून भरून अनेक आशा आजच कारकून झालेल्या आहेत, आणि बैठकीत उलट बोलली तर मोबदल्याचा कागद अडकेल म्हणून त्या गप्प बसतात. पण इथेच त्या युक्तिवादाची हवा जाते. पगार नसूनही हुजरेगिरी आलीच की! उलट ठरलेली रक्कम, ठरलेली तारीख आणि काढून टाकण्याविरुद्ध दाद मागायची सोय असली, तर उपकेंद्र बंद असल्याचे ग्रामसभेत उभे राहून सांगायला तिला कमी भीती वाटेल. सेवाभावाचा तोल मानधनाने ढळतो, ही चिंता सचिवालयापासून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत इतर कुणाच्याही पगारपत्रकाबाबत ऐकू येत नाही. ती नेमकी खालच्या पायरीवरच्या बाईबाबतच का सुचते?

कायद्याची वाट अगदीच बंद आहे असेही नाही. 2013 मध्ये पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने, म्हणजे सरकार, मालक आणि कामगार या तिघांच्या बैठकीने, योजनांवर काम करणाऱ्यांना कामगार माना, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्या, अशी शिफारस केली. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या प्रकरणात अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. फेब्रुवारी 2024 च्या अंतरिम अर्थसंकल्पात आशांना आयुष्मान भारतचे विमाकवच मिळाले, हेही नोंदवायला हवे. म्हणजे दारे एकेक करून किलकिली होत आहेत. अंगणवाडीला जे लागू, ते त्याच गल्लीत तीच बाळे मोजणाऱ्या आशाला का नाही, याचे उत्तर सरकारने द्यायचे आहे, आणि ते सेवाभावाच्या गौरवाने देता येणार नाही.

मानवी हक्कांच्या संस्थांनीही आपले घर तपासावे. जगभरच्या देणगीदारांकडून येणाऱ्या प्रकल्पांत प्रवासखर्च, सल्लागार, मूल्यमापन यांचे रकाने भरलेले असतात. गावपातळीवरच्या माणसासाठी ‘स्वयंसेवक’ असे लिहून पुढे चहापाण्याचा खर्च. पाहणीच्या दिवशी त्या बाईची खुरपणीची मजुरी बुडते. ती तरी अंदाजपत्रकात धरा. आरोग्यसेवेचा हक्क, पाण्याचा हक्क, बालविवाहातून सुटण्याचा हक्क, हे सगळे ज्या ओसरीवर ठरतात तिथे पोहोचणारी एकमेव व्यक्ती तीच असते.

सरकार आणि संस्था आपापल्या गतीने जातील. गावाला तेवढे थांबायचे कारण नाही. जामखेडच्या बायकांना गावाने निवडले होते, म्हणून त्यांच्या पाठीशी उभे राहणे ही गावाची जबाबदारी होती. आजच्या आशाचीही निवड नियमाप्रमाणे गावातूनच होते. आपल्या गावची आशाताई मोबदला थकल्याचे कुणाजवळ बोलते, हे बहुतेक गावकऱ्यांना माहीतच नसते. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, या दिवशी ग्रामसभा भरतात. वाचकांनी पुढच्या ग्रामसभेत एक प्रश्न विचारावा: आपल्या आशाताईचे किती महिन्यांचे पैसे बाकी आहेत आणि ते कुणाकडे अडकले आहेत? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे, ठराव करून तो तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवावा, आणि पुढच्या सभेत त्याचे काय झाले ते पुन्हा विचारावे.